उपाहारगृहातला उपहार

गावोगावच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी मराठी भाषेला जे काही दिले, त्यात एका गाळलेल्या कान्याचा समावेश करावा लागेल. ‘उपाहारगृह’ हा शब्द पाटीवर बहुधा ‘उपहारगृह’ होऊन उतरतो. उपाहार म्हणजे हलका आहार, फराळ. आणि उपहार म्हणजे भेट, नजराणा. काना गळाला की चहा-भजीच्या दुकानाची एकदम नजराण्याची कचेरी होते! मास्तरांनी या चुकीवर लाल शाई कितीही ओतली, तरी पेंटरचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही. बिल चुकते करून उठताना बडीशेपेच्या बशीत काय ठेवावे, किती ठेवावे आणि ठेवावे की नाही, हा विचार ज्याच्या मनात आला, तो उपाहारगृहातून उपहारगृहात पोहोचलाच म्हणायचा.

दिवाळीचा फराळ संपता संपता पुष्कळ कुटुंबे प्रवासाला निघतात. मुंबई-पुण्याकडची बरीच मंडळी रत्नागिरीला उतरतात. थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मघर, मांडवी, भाट्ये आणि गणपतीपुळे उरकून दोन वेळा बाहेर जेवतात. घरी पाहुण्यांपुढे कसे वागावे हे आपल्याला आईने शिकवलेले असते. परंतु बाहेर, पैसे मोजून जेवताना कसे वागावे, हे कुणी शिकवत नाही. पैसे मोजले म्हणजे रीतभात माफ झाली, असा कित्येकांचा प्रामाणिक समज दिसतो. म्हणून हा फराळ आज या विषयाचा.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. वरकड पैशाला आपल्याकडे नावे अनेक आहेत आणि प्रत्येकाचे कुळ वेगळे आहे. ‘पोस्त’ म्हणजे दिवाळीला घरगड्याला, भंगिणीला, पोस्टमनला दिली जाई ती रक्कम, असे जुनी माणसे सांगतील. तिच्यात वर्षभराची ओळख असते. घेणारा हक्काने मागतो आणि देणारा कुरकुरत का होईना, पण देतो. ‘बक्षीस’ फारसीतून आले. ते देणाऱ्याच्या मर्जीचे. ‘चिरीमिरी’ मात्र या घराण्यातली नव्हे. चिरीमिरी काम होण्याआधी दिली जाते, आणि ती दिली नाही तर काम अडते. हॉटेलातली ‘टिप’ कुठल्या रांगेत बसवायची, याची कसोटी एवढीच: ती सेवा झाल्यावर दिलेली असावी, आणि दिली नाही म्हणून कुणाची आमटी पातळ होऊ नये. शिरता शिरता वेटरच्या हातात नोट कोंबून खिडकीजवळचे टेबल पटकावणारे गृहस्थ टिप देत नसतात. बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबाचा नंबर ते विकत घेत असतात.

आता रत्नागिरीचे एक सांगायला हवे, कारण उपाहारगृहातल्या रीतभातीचा मोठा धडा या गावाने गिरवलेला आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर उघडले, आणि १९३३ साली येथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. त्या काळी हॉटेलातली रीतभात म्हणजे कुणी कुठे बसावे, कुणी बाहेर उभे राहावे आणि कुणाचा कप वेगळा ठेवावा, हीच होती. अशा वेळी एका लहानशा गावात, कुठल्याही जातीच्या हिंदूने आत यावे, बाकावर बसावे आणि त्याच कपातून चहा प्यावा, अशी जागा उघडणे ही चहाच्या धंद्यापुरती गोष्ट नव्हती. पुढे १९५० साली देशाची घटना अमलात आली, तेव्हा तिच्या पंधराव्या कलमात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही तेथे मज्जाव करता येणार नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव यावे, यावरून ही जागा किती महत्त्वाची ते ध्यानात येईल.

बाकावर शेजारी कोण बसतो, हा प्रश्न कायद्याने तरी सोडवला. पण बाकाशेजारी फडके घेऊन उभा असतो, त्याचे काय? त्याच्याशी वागताना आपल्या मनातली जुनी उतरंड पुष्कळदा तशीच डोके वर काढते.

हाक मारण्यापासूनच पाहा. ‘ए पोऱ्या’, ‘शुक् शुक्’, चुटकी, टाळी, पेल्यावर चमच्याची टकटक: घरी कुणाला अशी हाक मारली तर जेवण मिळणार नाही. वेटर पन्नाशीचा असला तरी आपण त्याला एकेरीत बोलावतो आणि आपला मुलगा शेजारी बसून ते ऐकतो, शिकतो. ‘अहो’ म्हणायला जीभ वळत नसेल तर ‘दादा’ म्हणावे. कोकणात ‘भाऊ’ही चालते. आणि ‘पोऱ्या’ हा शब्द तर आता टाकून दिलेलाच बरा. लहान मुलांना हॉटेलात, चहाच्या टपरीवर किंवा घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून देशभर बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावरची बंदी आणखी व्यापक झाली. तरीही कुठे एखादा खरोखरीचा पोऱ्या कपबशा विसळताना दिसलाच, तर त्याच्या हातावर दहा रुपये ठेवून आपली टोचणी शमवू नये. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक फिरवावा. तिथे टिप कामाची नाही.

दुसरी गोष्ट तक्रारीची. माशाचे कालवण खारट झाले तर तो स्वयंपाक्याचा दोष. उशीर झाला तर तो बहुधा भटारखान्याचा. भाव चढा असला तर तो मालकाचा. पण या तिघांच्या वाट्याचे बोलणे खातो तो वाढपी, कारण तो समोर असतो. तक्रार जरूर करावी, खारट कालवण मुकाट्याने गिळण्यात कसला मोठेपणा नाही. परंतु ती हलक्या आवाजात, ताट अर्धे संपण्यापूर्वी करावी. ताट चाटूनपुसून झाल्यावर ‘चव नव्हती’ म्हणणाऱ्यावर गल्ल्यावरचा मालक विश्वास कसा ठेवील? आणि मासळीचा भाव दिवसागणिक बदलतो, तेव्हा सुरमई किंवा पापलेट मागवण्यापूर्वी भाव विचारून घ्यावा. पाहुण्यांसमोर भाव विचारण्याची लाज वाटते, अन् मग बिलावरून पाहुण्यांसमोरच हुज्जत घालायची मात्र लाज वाटत नाही, हे नवल आहे.

बारीकसारीक गोष्टी आणखीही आहेत. ताटात हात धुऊ नये. ते ताट कुणालातरी उचलायचे असते. बेसिनपाशी घशाची साफसफाई साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल अशी करू नये. बाहेर माणसे ताटकळत उभी असताना रिकाम्या कपावर तासभर गप्पा छाटू नयेत. मुलांनी टेबलाखाली भात सांडला तर निदान ‘जरा सांडलंय हो’ एवढे सांगावे. मोबाईलवरचे गाणे शेजारच्या टेबलाने ऐकावे असा आग्रह नसावा. आणि बडीशेप चिमूटभर घ्यावी. ती आठवड्याचा शिधा म्हणून ठेवलेली नसते.

आता बशीकडे येऊ. किती द्यावे? अमृततुल्याच्या किंवा टपरीच्या चहावर टिप नसते. जिथे माणूस पाणी आणतो, वाढतो, दोनदा फेऱ्या घालतो, तिथे शेकड्याला पाच ते दहा हे मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपणारे आणि घेणाऱ्यालाही मानाचे प्रमाण आहे. सहाशेच्या बिलावर तीस ते साठ रुपये झाले. मुलांनी पसारा घातला असेल, किंवा दहाजणांचा गोतावळा असेल, तर हात थोडा सैल सोडावा. खिशातली सारी खुर्दा झटकून बशीत ओतणे म्हणजे टिप नव्हे, ती खिशाची साफसफाई झाली. उलट सासुरवाडीची मंडळी बरोबर आहेत म्हणून पाचशेची नोट सर्वांना दिसेल अशी ठेवणारे जावईही असतात. त्यांची टिप वेटरला नसून मेव्हण्याला असते.

हॉटेलाने बिलातच ‘सेवाशुल्क’ लावले असेल तर काय करावे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी नियम घालून दिले आहेत. हॉटेलाने सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, आणि ते देणे ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या; २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले. तेव्हा जीएसटी द्यायचा, तो सरकारचा. सेवाशुल्क मात्र काढून टाका असे शांतपणे सांगता येते. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण एक पथ्य पाळावे: सेवाशुल्क काढायला लावले, तर वाचलेल्या पैशातून वाढणाऱ्याला त्याचे हातावर द्यावे. कायद्याचा आधार मालकाशी भांडायला घ्यावा, वाढप्याचे तोंड चुकवायला नव्हे.

टिप मुळात असावीच का, असे विचारणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मालकाने पगार द्यावा, गिऱ्हाइकाने का? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिपेवर कायद्याने बंदी घातली होती. ती १९१३ साली उठवावी लागली. आज त्याच देशाच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला अवघे २ डॉलर १३ सेंट दिले तरी भागते. बाकीचे किमान वेतन टिपेतून भरून निघावे, न निघाल्यास मालकाने भर घालावी. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उलट जपानात टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर विसरलात असे समजून ते परत द्यायला माणूस मागे धावतो. यावरून बोध एवढाच घ्यायचा की टिप ही पगाराची जागा घेऊ लागली की वाढप्याचे पोट गिऱ्हाइकाच्या लहरीवर टांगले जाते. ती पगारावरची खुशाली राहिली तरच शोभते.

आणि या खुशालीवर अलीकडे एक संकट आले आहे, ते बहुतेकांच्या ध्यानातही आलेले नाही. २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाली. गल्ल्यावर चौकटींचे चित्र चिकटवलेले असते, फोन धरला की काम झाले. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, पण बशीत परत येणारी मोडही मिटली. सारे पैसे मालकाच्या खात्यात जातात आणि बशीत उरते ती बडीशेप. आपण कंजूष झालो नाही, फक्त बशी बिलाच्या वाटेतून दूर झाली. उपाय सोपा आहे. घरातून निघताना दहा-वीसच्या पाच-सहा नोटा वेगळ्या ठेवाव्यात. हे खाते गृहिणींकडे द्यावे, असे सुचवतो; पुरुषांच्या पाकिटात पाचशेच्या नोटेखेरीज ऐनवेळी काही सापडत नाही. नोटा नसल्या तर गल्ल्यावर ‘यातले इतके त्यांचे’ असे त्या माणसाच्या देखत सांगावे.

एक अपवाद मात्र कोकणात हमखास भेटतो: घरगुती खानावळ. तिथे घरची बाई रांधते, घरधनी वाढतो. त्या बाईच्या हातावर टिप ठेवू नये; तिला ते पाहुण्याने केलेल्या अपमानासारखे वाटेल. तिथली टिप वेगळी असते. किती माणसे येणार ते आधी कळवावे, सांगितल्या वेळेला पोहोचावे, सांगितलेले मोदक टाकून उठू नये, आणि ‘सोलकढी फक्कड झाली होती’ हे आत, चुलीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे. भांडी घासायला मदतनीस असेल, तर तिचे तिला वेगळे द्यावे.

शेवटी एक हिशेब मनाशी मांडून पाहावा. मुंबईतल्या पांढरपेशा घरांत घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत, आणि हे रामे बहुधा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले असत. त्याचे खरे नाव काय, हे विचारण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. खानावळीत, हॉटेलात, गिरणीत राबणाऱ्या माणसांच्या मनीऑर्डरीवर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत; त्या मनीऑर्डरीत दिवाळीची पोस्तही असे आणि कुणीतरी बशीत ठेवलेले दोन-चार आणेही असत. आज रत्नागिरीच्या हॉटेलात आपल्यापुढे पाणी ठेवणारा मुलगा नेपाळचा असतो, कधी कर्नाटकातला, कधी आणखी दूरचा. दिवाळीला तोही घरी नाही. त्याच्याकडचे पैसेही कुठल्यातरी डोंगरापलीकडच्या चुलीकडे जातात. कोकणी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

म्हणून यंदा टेबलावरून उठताना बशीत नोट ठेवालच. तिच्याआधी त्याचे नाव विचारा. नोट तो आपल्या गावी पाठवील. नावाने मारलेली हाक मात्र त्याची त्यालाच राहील.