धक्का मारण्यापूर्वी

पाडव्याला सासुरवाडी आणि भाऊबीजेला बहीण, अशा दोन वाऱ्या ज्यांच्या नशिबी आहेत आणि ज्यांच्या दारात अजून जुनी फियाट, पद्मिनी किंवा अँबेसेडर उभी आहे, त्या गृहस्थांसाठी यंदाचे हे पान. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला. पण घरची गाडी अशा तारखांना भीक घालत नाही. वडिलांनी घेतलेली गाडी विकायचा विषय निघाला, की आईच्या डोळ्यांना पदर लागतो आणि विषय पुढच्या दिवाळीपर्यंत तहकूब होतो.

अशा गाडीचे एक ठरलेले दुखणे असते. शहरात ती गुणी मुलीसारखी वागते. खोपोली मागे पडून बोरघाटाचा चढ लागला, की मात्र आचके देऊ लागते, उचल घेत नाही आणि नेमकी वळणावर बसकण मारते. मग मागे बसलेले मामा खाली उतरतात, बॉनेट उघडतात आणि निदान करतात, "पंप गेला!"

पंप म्हणजे पेट्रोल भरायचे ठिकाण नव्हे, हे घरच्या मंडळींना एकदा सांगून टाकावे. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढी एक डबी बसवलेली असते. तिच्या पोटात कानाच्या पडद्यासारखा रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरताना एक दांडी हा पडदा खाली ओढतो, तेव्हा मागच्या टाकीतले पेट्रोल आत येते. स्प्रिंग तो पुन्हा वर ढकलते, तेव्हा तेच पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. कार्ब्युरेटरची वाटी भरली, की पडदा आपोआप विसावतो. वीज नाही, तार नाही. इतके साधे यंत्र वर्षानुवर्षे चालते, म्हणूनच त्याच्याकडे कोणी बघत नाही.

मामांचे निदान मात्र लगेच मान्य करू नये. आधी टाकीचे झाकण सैल करून पाहा. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी चालू लागली, तर झाकणाचे भोक बुजले आहे, पंप निर्दोष आहे. पेट्रोलचा फिल्टर गाळाने तुंबला असेल, तरीही हेच नाटक होते. तिसरा संशयित उन्हाळा. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पुढे ढकलणे पंपाला जमत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकून दहा मिनिटे विडी ओढायला लांब जाऊन बसत. फडका उत्तम. विडी लांबच बरी!

आता खरोखर आजारी पंप ओळखायचा कसा? त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. तिथून पेट्रोल ठिबकत असेल, तर पडदा फाटला. मग इंजिन ऑईलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑईलची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर गाडी तिथेच थांबवा. सारे गांभीर्य इथे आहे. फाटक्या पडद्यातून पेट्रोल इंजिनाच्या तळाशी उतरते, ऑईल पातळ होते आणि बेअरिंगे कोरडी घासू लागतात. गाडी तर चालतच असते, म्हणून कोणाला कळत नाही. बाहेर ठिबकणारे पेट्रोल तापल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडले, तर काय होईल ते मुलाबाळांची गाडी म्हणून वेगळे सांगायला नको. "दिवाळी होऊ दे, मग बघू" हे वाक्य या दुखण्याला चालत नाही.

अलीकडे हे पडदे वारंवार का जातात, याला एक कारण आहे. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते, पुढे चिरते. म्हणून कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत पंप घेताना "ओरिजिनल जुना स्टॉक" ऐकून हुरळू नका. वर्षानुवर्षे खोक्यात पडलेला पडदा नवा कसा म्हणावा? पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत का, एवढे विचारा. दुकानदार गोंधळला, तर शेजारच्या दुकानात जा.

बदलण्याचे काम दोन नटांचे. पण इंजिन गार असावे, जागा उघडी असावी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी. टाकीकडून येणारी नळी सुटली, की तिच्यात पेन्सिलीचा तुकडा खुपसा, नाहीतर अंगण पेट्रोलने सारवले जाईल. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड ठोकळा असतो. तो कचरा समजून फेकणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तो उष्णता अडवतो आणि दांडीचे अंतर राखतो. तो गेला, की नवा पंपही घाटात रुसतो. पंप बसताना अडत असेल, तर नट आवळून दाबू नका. इंजिन हाताने थोडे फिरवा, दांडीवरचा ताण गेला की तो सहज बसतो. ऑईलमध्ये पेट्रोल उतरले असेल, तर ऑईलही त्याच दिवशी बदला. मग इंजिन सुरू करून पाच मिनिटे प्रत्येक जोडाकडे बघत उभे राहा.

विजेचा पंप लावा, असा सल्ला हल्ली भाचेमंडळी देतात. लावावा, पण कार्ब्युरेटरला झेपणारा, तीन-चार पौंड दाबाचाच. नव्या इंजेक्शन गाडीचा पंप चाळीस पौंडांच्याही वर दाब देतो, आमच्या म्हाताऱ्या कार्ब्युरेटरला तो पुरात बुडवील. शिवाय अपघातात इंजिन बंद पडले, तर पंपही बंद होईल अशी व्यवस्था हवी. इतका व्याप करण्यापेक्षा मला साधा पंपच पसंत आहे.

काढलेला जुना पंप मात्र भंगारात देऊ नका. त्यात नवा पडदा घालून घ्या आणि फडक्यात गुंडाळून, दोन पान्यांसह, डिकीत फराळाच्या डब्याशेजारी ठेवा.