ड्रोन पाहील, पण उचलून आणणार कोण?

मार्च २०२४ मध्ये सोमालियाच्या पूर्वेस अरबी समुद्रात 'एमव्ही रुएन' या अपहृत मालवाहू जहाजाला भारतीय नौदलाने वेढले, त्या मोहिमेतील एका लहानशा घटनेची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. जहाजावर सशस्त्र चाचे आहेत किंवा कसे, याची खातरजमा करण्यासाठी 'आयएनएस कोलकाता' या विनाशिकेने एक ड्रोन सोडला. चाचे आहेत हे त्याने दाखवून दिले आणि चाच्यांनी तो तत्काळ गोळ्या झाडून पाडला. पुढे सुमारे ४० तास चाललेल्या मोहिमेअंती ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या ड्रोनच्या जागी हेलिकॉप्टर असते, तर त्याच गोळ्या वैमानिकांच्या दिशेने गेल्या असत्या.

याच 'कोलकाता'ने जेमतेम दहा दिवस आधी, ६ मार्च रोजी, एडनच्या आखातात दुसरी कामगिरी बजावली होती. 'ट्रू कॉन्फिडन्स' या व्यापारी जहाजावर हौथी बंडखोरांनी क्षेपणास्त्र डागले. जहाज पेटले, काही खलाशी मृत्युमुखी पडले, उरलेले जीवरक्षक तराफ्यांवर उतरले. 'कोलकाता'ने आपले हेलिकॉप्टर व नौका धाडून २१ जणांना वाचविले, त्यांत एक भारतीय होता. जखमींवर जहाजावरच उपचार झाले. तेथे ड्रोन असता, तर त्याने तराफे कोठे आहेत ते अचूक दाखविले असते. तराफ्यावरचा जखमी माणूस मात्र त्याला उचलता आला नसता.

गस्तनौकांवर हेलिकॉप्टरऐवजी ड्रोन ठेवावेत काय, हा प्रश्न आज जगातील अनेक नौदलांपुढे आहे. आपल्याकडे त्याला निराळी धार आहे. इतरत्र हेलिकॉप्टर आहे आणि ते महाग पडते म्हणून पर्याय शोधला जातो. आपल्याकडे गस्तनौकेवर न्यायला पुरेशी हेलिकॉप्टरेच नाहीत. एखादी वस्तू नको म्हणून सोडणे आणि मिळत नाही म्हणून सोडणे, या दोहोंत फरक आहे. धोरणाच्या कागदावर तो बहुधा दिसत नाही.

प्रथम गस्तनौकेचे काम पाहू. 'कोलकाता' ही सात हजार टनांहून मोठी विनाशिका. तिच्यावर दोन हेलिकॉप्टरांची सोय आहे. गस्तनौकेचा संसार त्यामानाने आटोपशीर असतो. वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलेल्या 'सरयू', 'सुनयना', 'सुमेधा' आणि 'सुमित्रा' या चार नौका २०१३ व २०१४ या दोन वर्षांत नौदलात दाखल झाल्या. लांबी सुमारे १०५ मीटर, वेग २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास. मागील बाजूस उड्डाणपट्टी आणि एका हेलिकॉप्टरपुरते हँगर. भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि गस्तीचा पल्ला तर आता सोमालियापर्यंत पोहोचला आहे. एवढ्या पाण्यात ताशी ४६ किलोमीटरने धावणारे जहाज काय काय पाहणार?

येथे भूमिती आडवी येते. पृथ्वी गोल असल्याने पाण्यापासून २५ मीटर उंचीवरील रडारला लहान होडी फार तर पंचवीस-सव्वीस किलोमीटरपर्यंत दिसू शकते. लाकडी होडी असेल आणि समुद्र खवळलेला असेल, तर तेवढ्या अंतरावरूनही ती लाटांत हरवते. तेच रडार एक हजार मीटर उंचीवर नेले, तर क्षितिज सुमारे १३० किलोमीटर दूर सरकते. चाच्यांच्या वेगवान होड्या, अमली पदार्थ वाहणारी गलबते किंवा वादळात सापडलेले मच्छिमार शोधावयाचे, तर डोळा जहाजाच्या डोलकाठीवर असून भागत नाही, तो आकाशात हवा. आजवर तो डोळा म्हणजे हेलिकॉप्टर होते.

परंतु केवळ पाहण्यासाठी हेलिकॉप्टर उडविणे ही मोठी उधळपट्टी आहे. ते दोन-तीन तासांत परत फिरते. वैमानिक थकतात, तंत्रज्ञांचे पथक, सुटे भाग आणि विमानाचे इंधन यांना जहाजावर जागा द्यावी लागते. अमेरिकेच्या इन्सिटू कंपनीचा 'स्कॅनईगल' हा जेमतेम तीन मीटर पंखांचा ड्रोन गलोलीसारख्या यंत्राने सोडला जातो, वीस तासांच्या आसपास हवेत राहतो आणि परतल्यावर उभ्या टांगलेल्या दोरात पंख अडकवून पकडला जातो. त्याला ना हँगर लागते ना धावपट्टी. एप्रिल २००९ मध्ये 'मर्स्क अलाबामा'च्या कप्तानाला चाच्यांनी जीवरक्षक नौकेत ओलीस ठेवले, तेव्हा 'यूएसएस बेनब्रिज'ला वरून चित्र पुरविण्यासाठी हाच ड्रोन वापरला गेला. अमेरिकी तटरक्षक दलानेही पुढे आपल्या मोठ्या गस्तनौकांवर तो घेतला. ऑस्ट्रियातील शिबेल कंपनीचा 'कॅमकॉप्टर एस-१००' हा दोनशे किलो वजनाचा, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर उडणारा ड्रोन सुमारे सहा तास उडतो. फ्रान्सने तो 'लाद्रुआ' या गस्तनौकेवर वापरून पाहिला. आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण भारतीय नौदलाने २००७ मध्येच सुकन्या वर्गातील गस्तनौकेवर याच यंत्राची चाचणी घेतली होती.

या ड्रोनच्या बाबतीत एक अडचण अशी होती, की त्याचे मूळ इंजिन पेट्रोलवर चालत असे. युद्धनौकेवर पेट्रोलची पिंपे बाळगावयास कोणताही कप्तान राजी होत नाही. त्याची वाफ ठिणगीनेही पेट घेते. जहाजांवर विमानांसाठी जे इंधन ठेवतात ते केरोसीनच्या जातीचे, सहजी न भडकणारे असते. त्या इंधनावर चालणारे इंजिन तयार झाल्यानंतरच नौदलांचा या ड्रोनकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. समुद्रावरील यंत्रांचे भवितव्य पुष्कळदा अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते.

मोठा ड्रोन घेतला की सारे प्रश्न सुटतात, असेही नाही. याबाबत अमेरिकी नौदलाचा 'फायर स्काउट' बोलका आहे. हे मानवरहित हेलिकॉप्टर 'यूएसएस मॅकिनर्नी' या फ्रिगेटवरून एप्रिल २०१० मध्ये पूर्व प्रशांत महासागरात उडाले आणि त्याने टिपलेल्या एका वेगवान होडीतून ६० किलो कोकेन जप्त झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांपैकी एक यंत्र चाचणीच्या वेळी नियंत्रणातून सुटले आणि थेट वॉशिंग्टनभोवतीच्या निषिद्ध हवाई क्षेत्रात शिरले. कारण आज्ञावलीतील दोष. जून २०११ मध्ये दुसरे लिबियात कोसळले. पुढे 'बेल ४०७' या प्रवासी हेलिकॉप्टरचा सांगाडा घेऊन मोठी आवृत्ती बनविण्यात आली. तिचे वजन तीन टनांच्या घरात गेले. मग तिला हँगर हवे, तंत्रज्ञ हवेत, सुटे भाग हवेत आणि जमिनीवर न बसता जहाजावर बसणारे प्रशिक्षित चालकही हवेत! वैमानिक यंत्रातून उतरला एवढेच. बाकी लवाजमा तसाच राहिला. पहिली आवृत्ती २०२२ मध्ये निवृत्त झाली आणि दुसरीही फार काळ न ठेवण्याचा निर्णय अमेरिकी नौदलाने घेतला.

ब्रिटिश नौदलाने वेगळी वाट धरली. 'एस-१००'ला रडार बसवून केलेला 'पेरेग्रिन' त्यांनी आखातातील 'एचएमएस लँकेस्टर'वर पाठविला, तो 'वाइल्डकॅट' हेलिकॉप्टरला रजा देण्यासाठी नव्हे, तर त्याच्या जोडीला. सततची टेहळणी ड्रोनने करावयाची आणि काही आढळले की हेलिकॉप्टर उडवावयाचे. या विभागणीत तथ्य आहे असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते. अर्थात त्यासाठी जोडीला हेलिकॉप्टर असावे लागते.

आपली गाडी नेमकी येथेच अडली आहे. आपल्या लहान नौकांवरचे हेलिकॉप्टर म्हणजे आजही प्रामुख्याने 'चेतक'. मूळचे फ्रान्सचे 'अलुएत-३', १९६०च्या दशकात बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार होऊ लागलेले, एकाच इंजिनाचे. चेतकने केलेली सेवा मोठी आहे. मुंबईत गेटवेसमोर नौदलाची प्रात्यक्षिके पाहणाऱ्यांना दोरीने माणूस वर ओढणारे ते इवलेसे यंत्र परिचित आहे. पण साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याचे हेलिकॉप्टर सागरी गस्तीला न्यावे लागते, हे भूषणावह नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीतील नौदल तळावर चेतकच्या अपघातात जमिनीवरील एका नौसैनिकाचा बळी गेला.

चेतकला पर्याय म्हणून ५६ हेलिकॉप्टरांची निविदा २०१२ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये रद्द झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये १११ हेलिकॉप्टरांच्या खरेदीस मान्यता मिळाली, २१ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची. त्यांपैकी १६ तयार घ्यावयाची आणि ९५ देशात बांधावयाची होती. २०१८ ते २०२५ या सात वर्षांत त्यांतील एकही जहाजावर उतरले नाही. स्वदेशी 'ध्रुव' आहे, परंतु त्याची पाती पुरेशी दुमडत नसल्याने ते लहान हँगरात मावत नाही, ही नौदलाची जुनी तक्रार होती. त्यात जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि सारा ताफाच जमिनीवर आला. अमेरिकेकडून घेतलेली २४ 'एमएच-६० आर' उत्तम आहेत, पण ती पाणबुड्यांच्या शिकारीसाठी, मोठ्या युद्धनौकांकरिता. त्यांना गस्तीला जुंपणे म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्याला लावणे होय.

यात एक विलक्षण प्रकरण दडलेले आहे. २००८च्या सुमारास हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीज यांनी मिळून चेतकचेच मानवरहित रूप तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. म्हाताऱ्या हेलिकॉप्टरला वैमानिकाविना उडवून नौदलाचा जहाजावरील ड्रोन बनवावयाचा! तो नौदलाच्या सेवेत कधीच आला नाही. हेलिकॉप्टर नाही आणि त्याचा ड्रोनही नाही, अशी ती दुहेरी निष्पत्ती.

नौदलाने 'एमक्यू-९बी' जातीचे मोठे ड्रोन भाडेपट्ट्याने घेतले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकूण ३१ ड्रोनच्या खरेदीचा करार झाला, त्यांतील १५ नौदलासाठी आहेत. मात्र ते जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडतात. गस्तनौकेच्या कप्तानाला हवी तेव्हा हवी तेथे नजर मिळण्याची हमी त्यांतून मिळत नाही. त्यांच्या वेळापत्रकावर दिल्ली ते अंदमान अनेकांचा हक्क असतो.

पाहणे संपते आणि कृती सुरू होते त्या टप्प्याचे उदाहरण गस्तनौकेचेच आहे. जानेवारी २०२४ मध्ये 'सुमित्रा'ने दोन दिवसांच्या आत 'इमान' आणि 'अल नईमी' ही दोन इराणी मासेमारी जहाजे चाच्यांकडून सोडविली. पहिल्यावर १७, दुसऱ्यावर १९ खलाशी होते. दुसऱ्यावरील सारे पाकिस्तानी. चाच्यांवर दबाव आणण्यासाठी जहाजाचे हेलिकॉप्टर आणि नौका वापरल्याचे नौदलाने तेव्हा सांगितले होते. डोक्यावर घरघरणाऱ्या हेलिकॉप्टरच्या दारात बंदूकधारी माणूस दिसणे आणि दूरवर एक कॅमेरा घिरट्या घालणे, यांचा चाच्यांच्या मनावर होणारा परिणाम सारखा नसतो. 'रुएन'वरच्यांनी ड्रोनवर गोळ्या चालविल्या हे विसरता येत नाही.

ड्रोनचा मात्र एक लाभ येथे दुर्लक्षित राहतो. 'रुएन'वरील ३५ चाच्यांना २३ मार्च २०२४ रोजी मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. २०२२च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे असे खटले आता भारतीय न्यायालयांत चालविता येतात. न्यायालयात पुरावा लागतो. कोणाच्या हाती शस्त्र होते, कोणी ते पाण्यात टाकले, याचे तासन्तासांचे सलग, वेळेच्या नोंदीसह चित्रण ड्रोन देऊ शकतो.

तेव्हा निर्णयाची जागा आता गोवा आणि कोलकाता येथील गोद्यांमध्ये आहे. मार्च २०२३ मध्ये ११ नव्या पिढीच्या गस्तनौकांचे ९,७८१ कोटी रुपयांचे करार झाले; सात गोवा शिपयार्डकडे, चार कोलकात्याच्या गार्डन रीचकडे. करारातील वेळापत्रकानुसार सप्टेंबर २०२६ पासून त्या मिळू लागावयाच्या आहेत. नौका तीस-तीस वर्षे चालते. या तीस वर्षांत ड्रोनच्या चार पिढ्या येतील आणि जातील. हँगराचे पोलादी दार मात्र एकदा ज्या मापाचे बसले त्याच मापाचे राहील. हेलिकॉप्टर मिळत नाही म्हणून ते दार ड्रोनच्या मापाने लहान केले, तर उद्या हेलिकॉप्टर आले तरी ते आत घेता येणार नाही. दार मोठे ठेवून आतील अर्धी जागा ड्रोनला आणि अर्धी हेलिकॉप्टरला देण्याचा खर्च किती, हा हिशेब जहाज पाण्यात उतरण्यापूर्वीच करावा लागेल. शिवाय त्या १११ हेलिकॉप्टरांची फाइल कोणाच्या टेबलावर आहे, हा प्रश्न उरतोच. तो ड्रोनच्या खरेदीने निकालात निघालेला नाही.