कोनशिलेला दाते, रोजच्या चाऱ्याला कोण?

मार्च सरू लागला की खानदेशात ऊन चढते आणि त्याबरोबर कडब्याचा भावही चढतो. पहिली गोष्ट साऱ्या शहराला जाणवते. दुसरी जाणवते ती गोशाळा आणि पांजरापोळ चालविणाऱ्यांना. याच सुमारास विश्वस्त संस्थांचे हिशेबाचे वर्ष संपते. नव्या गोठ्याला किंवा सभागृहाला दाता मिळणे त्या मानाने सोपे असते. चारा, औषधे, वीज आणि काळजी घेणाऱ्यांचे पगार यांसाठी मात्र कार्यकर्त्यांना दारोदार फिरावे लागते. वृद्धाश्रम, बालगृहे, दिव्यांगांची वसतिगृहे यांचे दुखणे वेगळे नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत दानत कमी नाही. प्रश्न आहे तो दान कशासाठी दिले जाते याचा.

व्यापाराशी जोडलेला धर्मादाय

पांजरापोळ ही खानदेशच्या व्यापारी शहरांची जुनी संस्था. कापूस, धान्य आणि तेलबियांच्या व्यापारात स्थिरावलेल्या गुजराती, मारवाडी व जैन समाजांनी थकलेल्या, जखमी आणि सोडून दिलेल्या जनावरांसाठी ती उभी केली. तिच्यासारख्या संस्थांचा खर्च भागविण्याची रीतही व्यापारातच होती. बाजारात मालाचा सौदा झाला की ‘धर्मादाय’ म्हणून थोडी रक्कम कापली जाई. रक्कम लहान असे, पण ती प्रत्येक सौद्यावर येई. त्यामुळे संस्थेला वर्षभर वाहता झरा मिळे.

हा पैसा बहुधा शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जात होता आणि त्याला कोणी विचारीत नव्हते, हेही तितकेच खरे. १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा आणि पुढे १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा यांनी अशा कपातींना आळा घातला, ते न्याय्यच झाले. परंतु त्या झऱ्याच्या जागी दुसरा झरा निर्माण झाला नाही. सेवाभावी संस्था मग वार्षिक देणग्या, सणावारी येणारे दान आणि एखाद्या उदार घराण्याचा आधार यांवर विसंबू लागल्या.

शेतीचे रूपही याच काळात पालटले. जळगाव जिल्ह्यात केळी व कापसाने आणि अलीकडे मक्याने ज्वारीचे क्षेत्र व्यापले. ज्वारी घटली तसा कडबाही घटला. धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत चाऱ्याची ओढ आणखी लवकर सुरू होते. म्हणजे जनावरे सांभाळण्याचा खर्च वाढत गेला आणि तो भागविण्याची नियमित वाट मात्र बंद झाली.

कायद्याने वाढविलेला भार

४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायींबरोबर बैल व वळूंच्या कत्तलीलाही बंदी लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरविली. तिच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे; येथे प्रश्न व्यवहाराचा आहे. काम न होणारा बैल विकता येत नाही आणि कोरडवाहू शेतकऱ्याला पोसता येत नाही, तेव्हा तो कोठे जातो? उत्तर गोशाळेच्या दाराशी येऊन थांबते. त्यातच धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांवरचे मोक्याचे शहर. अवैध वाहतुकीतून पोलिसांनी सोडविलेली जनावरेही जवळच्या गोशाळेतच पाठविली जातात. खटला चालू असेपर्यंत त्यांच्या पालनपोषणाचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. पण वसुली कागदावरून हातात येईपर्यंत जनावर उपाशी राहू शकत नाही. तोवरची दावण संस्थेलाच भरावी लागते.

राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी नोंदणीकृत गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. शंभर गायींच्या गोशाळेला यातून वर्षाला सव्वाअठरा लाख रुपये मिळू शकतात. ही रक्कम लहान नाही. इमारतीऐवजी रोजच्या पोषणाला पैसा देण्याचे तत्त्व तर स्वागतार्हच आहे. तथापि म्हशी, गाढवे किंवा रस्त्यावरची कुत्री या योजनेत बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. जबाबदारी स्थानिक संस्थांची. पण जळगाव आणि धुळे या २००३ मध्ये महापालिका झालेल्या शहरांना हे काम प्राणिमित्र संस्थांच्या मदतीवाचून पेलणे कठीण आहे. जबाबदारी झपाट्याने वाढते आणि निधी सावकाश येतो, हा येथील नेहमीचा अनुभव आहे.

ज्यांना पैसे देता येत नाहीत त्यांचे काय?

माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पाहिले तर हे चित्र अधिक स्पष्ट होते. जळगावातील केशवस्मृती प्रतिष्ठानच्या परिवारात रक्तकेंद्र, नेत्रपेढी, वृद्धांसाठी मातोश्री आनंदाश्रम, रेल्वेस्थानकावर भरकटलेल्या मुलांसाठी समतोल प्रकल्प असे अनेक उपक्रम आहेत. दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दृष्टिहीन, दिव्यांग व अनाथ विद्यार्थी निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. ही सर्व कामे मोलाची आहेत. पण त्यांचे अर्थशास्त्र एकसारखे नाही. रक्तपेढीला तपासणी व प्रक्रियेचे ठरीव शुल्क आकारता येते. घर सोडून आलेल्या मुलाकडून काय घेणार? आईवडील नसलेल्या, दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्याकडून काय घेणार? जो सर्वांत दुबळा त्याच्या सेवेला उत्पन्नाचा मार्ग सर्वांत अरुंद असतो. मुके जनावर या रांगेत सर्वांत शेवटी उभे आहे.

मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन १ एप्रिल २०१४ पासून आले. वृद्धाश्रम, अनाथांची वसतिगृहे, प्राणिकल्याण हे सर्व त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. मात्र तेथेही वसतिगृहे व वृद्धाश्रमांच्या बाबतीत शब्द आहे तो ‘उभारणे’ हा. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. ज्या प्रदेशात मोठे कारखाने मोजके, तेथे हा ओघही बारीकच राहणार.

दात्याची मानसिकताही समजून घेतली पाहिजे. वडिलांच्या नावाची कोनशिला डोळ्यांना दिसते. रात्रपाळीच्या सेविकेचा पगार दिसत नाही. हा निव्वळ प्रसिद्धीचा मोह नव्हे. आपला पैसा कोठे गेला हे पाहण्याची ती एक खात्रीची रीत आहे. संस्थांनी हिशेब उघडे ठेवले असते तर दात्याला विटांवर एवढा विश्वास ठेवावा लागला नसता.

कॅनडाचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. तेथे मॉन्ट्रियल शहरात १८६९ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. म्हणजे खानदेशच्या पांजरापोळांप्रमाणेच तेथील प्राणिसेवेलाही मोठी परंपरा आहे. पण आज त्या देशातील प्रत्येक नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला दरवर्षी ठरावीक नमुन्यात विवरण भरावे लागते आणि त्याचा बहुतांश भाग कोणाही नागरिकाला पाहता येतो. निधी साठवून स्वस्थ बसणाऱ्या संस्थांसाठी किमान खर्चाचे प्रमाण आहे. दहा लाख डॉलरहून अधिक असलेल्या मालमत्तेसाठी ते २०२३ पासून साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्के करण्यात आले. आपल्याकडेही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने लेखापरीक्षण बंधनकारक केले आहे. अहवाल धर्मादाय कार्यालयात जातात. सामान्य दात्याच्या हाती मात्र ते सहजासहजी पडत नाहीत.

अमळनेरचा धडा

उपाय शोधण्यासाठी कॅनडापर्यंत जावेच लागते असेही नाही. ‘कायम तिथी’ ही आपली जुनी पद्धत. एखाद्याच्या पुण्यतिथीसाठी रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी आश्रमात जेवण द्यायचे. कल्पना उत्तम, परंतु व्याजदराने तिचा घात केला. बारा टक्के व्याज असताना पाच हजारांच्या ठेवीवर वर्षाला सहाशे रुपये येत. साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे येतात आणि दरम्यान महागाई कितीतरी पुढे गेलेली असते. शिवाय तिथीच्या दिवशी गोडाचे जेवण होते. पगाराच्या दिवशी कोणाची तिथी नसते.

मुद्दल राखून उत्पन्न वापरण्याचे हेच तत्त्व किती मोठे होऊ शकते, याचे मूळ खानदेशातच सापडते. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या कंपनीतील सुमारे ६७ टक्के आर्थिक मालकी अझीम प्रेमजी यांनी सेवाकार्यासाठी दिल्याचे मार्च २०१९ मध्ये जाहीर झाले. सेवा वर्षानुवर्षे चालायची तर तिच्यामागे वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी मालमत्ता हवी, हा त्यातला विचार आहे.

हा विचार लहान प्रमाणातही अमलात येऊ शकतो. प्राप्तिकर कायद्यानुसार विश्वस्त संस्थेने उत्पन्नातील ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते. त्यामुळे चालू देणग्यांतून मोठी शिल्लक टाकणे अवघड. मात्र कायमनिधीसाठी म्हणून दात्याने तसे लेखी कळवून दिलेल्या देणगीला वेगळी वागणूक आहे. तेव्हा प्रत्येक बांधकाम देणगीबरोबर तिचा काही हिस्सा कायमनिधीत घेण्याचा दंडक संस्थांनी स्वतःहून घालून घ्यावा. एका जनावराला किंवा एका माणसाला रोज किती खर्च येतो हे दरवर्षी एका पानावर, सोप्या मराठीत, दाराशी लावावे. कोनशिला हवीच असेल तर तिच्यावर ‘या गोठ्यातील चाऱ्याचा खर्च यांच्या निधीतून’ असे लिहिण्यास काय हरकत आहे?

गोठा बांधणाऱ्याचे नाव पन्नास वर्षे टिकते. त्या गोठ्यातील गाईला मात्र रोज दोन वेळा वैरण लागते.