कागदावरची चूक स्वस्त असते

मराठी मालिका चांगली का होत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : 'आपला बाजार छोटा, पैसा आणायचा कुठून?' उभी हयात कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे मी उलट विचारतो, आहे ते भांडवल घातले कुठे?

डेन्मार्कची वस्ती जेमतेम 55 लाख होती, तेव्हा तिथल्या 'डीआर' या सार्वजनिक वाहिनीने 2007 साली एक मालिका काढली. खून एक, भाग 20. पुढे 'द किलिंग' या नावाने ती जगभर गाजली. 2010 मध्ये 'बोर्गेन' आली. तीत राजकारण आणि पंतप्रधान बाईंचा संसार, बस्स! बीबीसीने दोन्ही मूळ डॅनिशमध्येच दाखवल्या. गुपित साधे होते : लेखकाची दृष्टी प्रमाण मानायची आणि संहितेला वेळ द्यायचा. वेल्सने निराळी युक्ती केली. 2013 च्या 'हिंटरलँड'मध्ये नट तेच, जागा त्याच. प्रसंग एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत चित्रित केले. एका मांडवात दोन कार्ये!

2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून अधिक होते. मग बाजार छोटा कसा? आपल्याकडे रोजचा रतीब घालायचा असतो; दूध आटवायला सवड कोणाला? लेखकाला सहा महिने आधी पगारावर बसवा. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते; तीच सेटवर दुरुस्त करायची तर सगळ्या युनिटचा दिवस खर्ची पडतो. हा हिशेब कोणत्याही कारकुनाला कळेल.