'ठोठ' मुलाला गल्ल्यावर बसवण्यापूर्वी

आमच्या कापड बाजारात एक जुनी रीत आहे. मुलगा वाचनात मागे पडला, दोनदा नापास झाला की बाप म्हणतो, "पढाई याच्या नशिबात नाही, दुकानावर बसू द्या." भिवंडी-मालेगावात तो थेट मागावर जातो. यांतली काही मुले ताक्याला नुसता हात लावून माल ओळखतात, तोंडी हिशेबात मुनिमाला मागे टाकतात. बिल लिहिताना मात्र अक्षरे उलटीसुलटी होतात. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा अकलेचा दोष नव्हे, आणि आळस तर नव्हेच.

२००७ साली 'तारे जमीन पर' पाहून सारे हळहळले; बाजाराची रीत काही बदलली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदली आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीला जादा वेळ व लेखनिक मिळतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे.

उर्दू माध्यमाची गोष्ट निराळी. बे, पे, ते, से केवळ नुक्त्यांवरून ओळखायचे, जोडताना त्यांचे रूप बदलते, आणि जेर-जबर-पेश बहुधा छापलेलेच नसतात. धडधाकट मूलही इथे अडते, मग या मुलाची काय कथा!

इलाज खिशातच आहे. अँड्रॉइड फोनमधील 'सिलेक्ट टू स्पीक' पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. मूल ऐकता ऐकता ओळीवर नजर ठेवते. बोललेले लिहून घेणारा कीबोर्ड मराठी व उर्दू दोन्हींत आहे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. अडचण अशी की जुन्या फाँटातला मजकूर फोनला कळत नाही आणि छापील नस्तालीक वाचताना तो अजून अडखळतो. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाला जे मिळते, ते आमच्या मुलाला अर्धेच.

आमच्या जमातींचे फंड दर जूनला वह्या-दप्तरे वाटतात. चांगलेच आहे. पण प्रत्येक उर्दू शाळेत चार टॅबलेट, हेडफोन आणि ते चालवणारा एक तयार शिक्षक का नको? फोनने मूल बिघडते ही भीती खोटी नाही. म्हणून टॅबलेट शाळेच्या कपाटातच राहावेत. जकातीतून हा खर्च बसतो काय, ते उलेमांना विचारावे. व्यापारी संघाच्या देणगीतून तर नक्कीच बसतो, आणि उर्दू पाठ युनिकोडमध्ये टाइप करून घेण्याचा खर्चही त्यातच धरावा. संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. व्यापारी बंधूंनी जूनचे वाटप ठरण्याआधी आपले मत कळवावे.