निरोप कुणाच्या फोनवर?

घरकाम कोण किती करतं याची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप स्पेनच्या समता मंत्रालयाने मे २०२३मध्ये जाहीर केलं. त्या देशाच्या विवाह कायद्यात २००५पासूनच लिहिलेलं आहे की घरची जबाबदारी नवरा-बायकोने वाटून घ्यायची. कायदा होऊन अठरा वर्षं झाली, तरी मोजण्याची वेळ आलीच.

आपल्याकडे मोजमाप झालेलं आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात शंभरात सत्तावीस. २०१९मध्ये पुरुषांची मिनिटं ९७ होती. म्हणजे मधल्या पाच वर्षांत अनेक घरांत फोनवरून किराणा यायला लागला आणि पुरुषांचा हातभार मात्र कमीच झाला.

हे सर्वेक्षण दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून कामं विचारतं. रात्री झोपताना ‘हरभरे भिजत घातले का, विरजण लावलं का’ हे आठवणं कुठल्या अर्ध्या तासात लिहायचं? सिलिंडर या आठवड्यात संपेल, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या गुरुवारपर्यंतच पुरतील, शनिवारी शाळेत पांढरा गणवेश लागेल, हे सगळं एकटीच्या डोक्यात फिरत असतं. नवरा ‘सांग ना, काय करू?’ म्हणतो. मदतीची तयारी असते, पण सांगण्याचं काम तिच्याकडेच राहतं, आणि माझ्या मते सगळ्यात दमवणारं काम तेच आहे.

इथे फोन खरोखर उपयोगी पडतो, आणि त्यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही. आठवण करून देणारा निरोप कुणाच्या फोनवर येतो, एवढं बदलायचं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बहुतेक आयाच असतात, म्हणून डब्यापासून प्रोजेक्टपर्यंत सगळं आईवर येतं. सिलिंडरचा ओटीपी जिच्या फोनवर येतो, माणूस दारात आल्यावर तिनेच हातातलं काम टाकून तो सांगायचा. नंबर नवऱ्याचा असेल तर आठवणही त्याची आणि धावपळही त्याची. सुरुवातीला एखादी तारीख चुकेल, डबा साधा जाईल. बायकांनी तेवढं होऊ द्यावं, मधे पडू नये.

घरातल्या पुरुषांनो, या आठवड्यात वर्गशिक्षिकेला, गॅस एजन्सीला आणि औषधाच्या दुकानात स्वतःचा नंबर द्या.