जागा राखीव, तयारी मात्र विकत!

दौंडमध्ये 'तयारी' हा शब्द उच्चारला की समोरच्याला एकच अर्थ कळतो : भरतीची तयारी. राज्य राखीव पोलीस दलाचे गट ज्या गावात आहेत तिथे पहाटे धावणारी पोरे दिसणारच. शिरूरमध्ये तयारी म्हणजे आयटीआय करून रांजणगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत लागणे. या दोन्ही वाटांना आम्ही नावे ठेवत नाही. खाकी वर्दीने आणि कंपनीच्या पगाराने आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरे उभी राहिली आहेत. पण आमचा सवाल असा आहे की, डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, चित्रकार किंवा नाट्यदिग्दर्शक व्हायचे असेल तर त्याची तयारी या दोन तालुक्यांत कुठे होते? कोण करून घेते? कितव्या इयत्तेपासून?

या सवालावर नेहमीचे उत्तर तयार असते. "तुम्हाला काय, आरक्षण आहे ना!" म्हणणाऱ्याला आरक्षण कसे चालते हेच माहीत नसते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत, हे खरे. पण आरक्षण सुरू होते ते परीक्षा दिल्यानंतर. नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला ५० आणि आपल्याला ४० पर्सेंटाइल लागते, म्हणजे पात्रतेची अट आपल्यालाही आहे. आणि पात्र ठरल्यावर सरकारी महाविद्यालयातली जागा मिळवण्यासाठी आपल्याच प्रवर्गातल्या हजारो मुलांशी चढाओढ करावी लागते. पुण्यातल्या डॉक्टर किंवा अधिकारी बापाचा मुलगा आणि पाटसच्या साखर कारखान्याला ऊस तोडणाऱ्याची मुलगी एकाच यादीत उभी असतात. जागा संविधानाने राखून ठेवली. त्या जागेपर्यंतचा रस्ता मात्र बाजाराने ताब्यात घेतला आहे.

हा रस्ता किती महाग आहे ते पाहा. महाराष्ट्रात २०१७ पासून सरकारी एमबीबीएसचे प्रवेशही नीटवर होतात. त्याआधी राज्याची सीईटी होती आणि ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या जवळची होती. नीट चालते एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकले की एक वजा. असे प्रश्न सोडवण्याचा सराव बारावीच्या वर्गात होत नाही, तो क्लासमध्ये होतो. म्हणून पैसेवाल्यांची मुले 'इंटिग्रेटेड'ला जातात : नाव ज्युनिअर कॉलेजात आणि मूल दोन वर्षे क्लासमध्ये. आपले मूल रोज कॉलेजात हजर राहते, आणि हजर राहिल्यामुळेच मागे पडते!

भाषेचेही तसेच. नीटचा पेपर मराठीत मिळतो असे अभिमानाने सांगितले जाते. पण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावी सायन्सला गेले की सगळे इंग्रजीत सुरू होते. 'पेशी' हा शब्द सोडून ते 'सेल' शिकते, 'गुणसूत्र' सोडून 'क्रोमोसोम' शिकते. दोन वर्षांनी त्याच्या हातात मराठी पेपर ठेवला तर त्याने कुठल्या भाषेत विचार करायचा? वर नियम असा की भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम. याला मेरिट म्हणायचे का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते दौंडच्या अगदी शेजारच्या तालुक्यात आहे. इमारत जवळ आली, पण तिथे पोहोचवणारी तयारी जवळ आली का? शिरूरहून पुणे सुमारे ७० किलोमीटर आहे. क्लास पुण्यात, खोली पुण्यात, मेस पुण्यात, आणि मुलगी असेल तर "एकटीला कसे ठेवायचे" हा घरातला प्रश्न वेगळाच. स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. चांगली योजना आहे. पण तो पैसा वर्ष सरताना हाती पडला तर मेसवाला तोवर थांबणार आहे का?

आता कलाशिक्षणाकडे या. इथे अन्याय जास्त आहे आणि आरडाओरडा सर्वांत कमी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील त्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावा. कायद्याने कला आणि आरोग्य एकाच ओळीत मांडले. पण १०० ची अट घालून लहान गावांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या शाळा त्याच ओळीत बाहेरही काढल्या. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथे हक्क नाही.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा ही चित्रकलेची पहिली पायरी. दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. शहरातल्या शाळा आठवी-नववीतच मुलांना या परीक्षांना बसवतात. आपल्या वस्तीतल्या किती पालकांनी ही नावे ऐकली आहेत? पुढे बीएफएला जायचे तर राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. बारावी कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे "आर्ट्सला गेला, वाया गेला" असे ज्याला घरात ऐकवले जाते, त्या मुलालाही ही वाट खुली आहे. मुंबईच्या १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत ती जाऊ शकते. पण वाट खुली आहे हे सांगणारे कोणी नाही.

आणि ज्यांच्या अंगात कला आहे त्यांची तयारी मोजायची तरी कशी? दहा वर्षे ढोलकी वाजवणारे, हलगी वाजवणारे, भीमजयंतीला स्वतः रचलेली गाणी गाणारे पोर बिनतयारीचे असते का? शिरूर लोकसभा मतदारसंघातल्याच नारायणगावच्या विठाबाईंनी तमाशा देशभर नेला. ज्या समाजांनी महाराष्ट्राला लावणी, वग आणि जलसा दिला, त्यांच्या मुलांना कलेच्या प्रवेश अर्जात स्वतःची विद्या लिहायला रकाना सापडत नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य शिकता येते, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. या दारांवर आपल्या मुलांची गर्दी व्हायला हवी. जी कला आम्ही पोटासाठी आणि चळवळीसाठी जगवली, तिच्यावरची पदवी दुसऱ्यांनी घ्यायची आणि आम्ही फक्त 'लोककलावंत' म्हणून मंचावर यायचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आरोग्याच्या क्षेत्रातही हीच वाटणी आहे. सरकारी दवाखान्यात फरशी पुसणारी कोण? वॉर्डातली आया कोण? उन्हातान्हात घरोघर फिरणाऱ्या आशाताई कोण? यात आपल्या बायका किती आहेत ते सांगायला सर्वेक्षण नको, दवाखान्यात एक चक्कर पुरते. मग केबिनमध्ये आपली मुलगी का नको? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. तेव्हा दवाखाना चालवत होते त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत. सेवाही आमची आणि वैद्यकीही आमची, हा वारसा याच पुणे जिल्ह्यातला आहे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात वसतिगृह काढले. सिद्धार्थ महाविद्यालय आले १९४६ साली, मिलिंद १९५० साली. आधी वसतिगृह, मग महाविद्यालय. हा क्रम नीट समजून घ्या. मूल आधी दोन वेळ जेवले पाहिजे, त्याला दिव्याखाली बसायला जागा पाहिजे, सोबतीला अभ्यास करणारी पोरे पाहिजेत. तेव्हा कुठे ते महाविद्यालयाच्या दारात ताठ मानेने उभे राहते. तयारी ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बार्टीचे नीट आणि सीईटीचे मोफत प्रशिक्षण शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या ठिकाणी आणा. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात एनसीईआरटीची पुस्तके, सराव परीक्षा आणि चित्रकलेचे साहित्य ठेवा. निदेशकासाठीची १०० मुलांची अट काढा, चार शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्या. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामीण अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी तसे का होऊ नये?

पण बांधवांनो, सगळे सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या विहारांतल्या अभ्यासिकांत एमपीएससी आणि पोलीस भरतीची पुस्तके आहेत, नीटचे एक पुस्तक नाही, रंगाची एक पेटी नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचा खर्च वाचवला तर वस्तीतल्या पाच मुलांची वर्षभराची पुस्तके येतात. "चित्रे काढून पोट भरते का?" हे वाक्य आपल्याच घरात जास्त बोलले जाते. पोट भरण्यापुरते शिका, असे बाबासाहेबांनी कधीच सांगितले नाही.

विहारात एक कॅलेंडर लावा. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट. दहावीनंतर शाखा निवडताना कुणीतरी जाणकार सोबत बसवा. अकरावी सायन्सला गेल्याबरोबर जात पडताळणीचा अर्ज. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमध्ये जुन्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते, आणि त्याला महिने लागतात. पडताळणी मुदतीत नसेल तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. मुलाचे गुण मग कितीही असोत. बौद्ध मुलांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखलाही काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने तो हक्क मिळाला आहे आणि अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांसाठी तोच लागतो. बारावीत नीटबरोबर बी. एस्सी. नर्सिंगची सीईटी आणि फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी, हे अर्जही भरा. एमबीबीएस हुकले म्हणजे आरोग्यक्षेत्र संपले, असे नाही.

शिरूर तालुक्यातले कोरेगाव भीमा आणि भीमेपलीकडचा विजयस्तंभ आपल्याला लढाई शिकवतो. दर १ जानेवारीला लाखोंनी आपण तिथे जातो. पुढच्या जानेवारीत येताना प्रत्येक वस्तीने एवढे सांगावे : आमच्या विहारातून यंदा किती मुले इंटरमिजिएटला बसली, किती मुलींनी नर्सिंगचा अर्ज भरला, किती जणांची जात पडताळणी हातात आली. हे आकडे शून्य असतील तर आधी ते शून्य पुसायला लागू.

जय भीम! जय संविधान!